वीतभर

सोलापुरात शांतता विकत मिळते,
सकाळी सहा ते अकरा, तीन हजार.
साखर पेठेतल्या बुर्रा शेटच्या कारखान्यात
चौदा माग बंद ठेवायचे, एवढंच.
कशासाठी, म्हणाला. गाणी भरायचीत, म्हटलं.
मग पाचशे कमी द्या,
आमची आईपण म्हणायची.

मागच्या खोलीत भिंतींना चादरी टांगल्या,
सेकंडच्या, विणताना चुकलेल्या,
मोराला पिसारा आहे, मान नाही.
आवाज मात्र छान पितात.

दस्तगीर मास्तर पेटी घेऊन आले ते
बँडचा लाल कोट घालून, या उकाड्यात.
रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर, म्हणाले,
आणि पुढचं बोलले नाहीत.
सिद्रामनं रद्दी पेटवून दिमडी शेकली.
प्रणित येमुलनं गिटार आणली, वायरीशिवाय.
उजवा पाय उगाच जमिनीवर
कसलं तरी बटण शोधत राहिला.

आणि भूदेवी म्याकल. वय एकावन्न.
शब्द तिचे, चालीही तिच्याच,
विडीच्या लेबलांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या.
मराठीच, पण मधूनच तेलुगू,
कुठे एखादा कन्नड शब्द
शेजारणीकडून वाटीभर आणलेला, परत न केलेला.

मी कानांवर हेडफोन चढवले.
बांगड्या ऐकू येतात, म्हटलं.
तिनं काढल्या नाहीत. वर फडकं गुंडाळलं.

*नळाला पाणी आलं गं, पहाटेच्या दोनाला,
हंडा पुसे घागरीला, जागं ठेवू कोणाला*

इथवर ठीक. दुसऱ्या कडव्यात चाल लंगडायची.
सिद्राम म्हणाला, पोरगा पळतोय.
पोरगा म्हणाला, काका झोपतायत.
मास्तरांनी कोटाचं एक बटण सोडलं.
सहावा टेक. सातवा.
नवव्याला ती मधेच थांबली, पाणी प्याली,
टांगलेल्या चादरींकडे बघत म्हणाली,
एवढं गप्प का केलंय बे?
कुणी गेल्यागत वाटालंय.

मग उठून सरळ कारखान्यात.
राजेशम तिथे उकिडवा बसलेला,
सुट्टी असूनही आलेला,
मागाला तेल घालायचं राहिलंय म्हणून.
एक चालू कर की.
कुठला?
तुझा.

शेटचा फोन लगेच:
बंद ठेवायचे घेतले, आता चालू करायचे किती देता?

दोन दारं, सतरंजी आणि बिनमानेचे मोर
यांच्या पलीकडून आला तो.
खट्‌ खटाक. खट्‌ खटाक.
मीटरचा काटा उडाला. मी हात वर केला, थांबा.
मास्तरांनी भाता चालू ठेवूनच
मानेनं मला गप्प बसवलं.
तिनं डोळे मिटले.
लहानपणी हिच्या बापाचा माग
झोपायच्या खोलीतच होता,
हे मला नंतर सिद्रामनं सांगितलं.
तेव्हा फक्त एवढं दिसलं,
की सिद्रामची बोटं, पोराची तार आणि तिचा श्वास
एकाच जागी खाली टेकतायत,
आणि ती जागा यांच्यापैकी कुणाचीच नाही.

चार मिनिटं बारा सेकंद. एका दमात.

वहीत लिहिलं:
गाणं चौथं, टेक दहावा.
पेटी दस्तगीर, दिमडी सिद्राम, गिटार प्रणित,
माग राजेशम.
तो खांद्यावरून वाचत होता.
श शहामृगातला, म्हणाला,
तुम्ही पोटफोड्या काढलाय.
सुधारला.
किती भरलं? त्यानं विचारलं. सांगितलं, चार मिनिटं.
ते नव्हे, म्हणत त्यानं मला मागाशी नेलं.
गाणं सुरू होताना टॉवेलच्या काठाला
लाल दोऱ्याची गाठ मारली होती त्यानं.
गाठीवर अंगठा ठेवून पंजा ताणला,
करंगळी जिथे टेकली तिथे कापड संपत होतं.

भूदेवीनं वाकून पाहिलं.
एवढंसंच? म्हणाली,
आणि हातावरचं फडकं सोडायला लागली.